आरबी२६ : हेडचं ऑइल कमी करायचं की परतीचा रस्ता मोठा करायचा?

मेलबर्नचा_मन्या
मंडळी, दोन वर्षं गॅरेजमधे धूळ खात पडलेलं आर३२ जीटीआरचं इंजिन शेवटी खोललं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निस्सानचं आरबी२६, २५६८ सीसी, सरळ सहा सिलिंडर, दोन टर्बो, हीच गाडी इथे ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ ला बाथर्स्टची शर्यत जिंकली होती. इंजिन लोखंडासारखं दणकट पण एक दुखणं जुनंच, आरपीएम चढले की पंप हेडमधे (इंजिनच्या वरच्या भागात) ऑइल ढकलत राहतो आणि ते खाली यायचं नाव घेत नाही, चेंबरमधे (खालच्या ऑइलच्या भांड्यात) मुळात साडेचार लिटरच्या आसपास, मग लांब वळणावर पंपाची ऑइल ओढणारी नळी, म्हणजे पिकअप, हवा ओढतो आणि बेअरिंगचा निकाल. माझा प्लॅन असा: हेडला ऑइल नेणाऱ्या दोन फीडपैकी एक बंद, दुसऱ्यात १.२ मिमीचा रिस्ट्रिक्टर (ऑइल कमी करणारं बारीक भोक), परतीची भोकं ग्राइंडरने मोठी, हेडच्या मागून चेंबरपर्यंत बाहेरून जाड पाइप. पंपही मोठा घेतलाय. बोला काय चुकतंय.

बोरिंगवाले_काका
१.२ कशाला, सरळ बूचच मार की. अरे हेडला ऑइल फक्त कॅम फिरायला लागतं का? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ८००० आरपीएमला तापून लाल व्हायच्या बाकी राहतात, त्यांना थंड करायला ऑइलशिवाय तिथे दुसरं कोण आहे? तू तगड्या स्प्रिंगा घालणार, वर तोंडचं पाणी पळवणार. माझी ३० वर्षं हेड उतरवण्यात गेली, जळालेले कॅम आणि खरवडलेले टॅपेट बघितलेत, हेडमधे ऑइल जास्त झालं म्हणून मेलेलं इंजिन मात्र माझ्याकडे आलेलं नाही.

मेलबर्नचा_मन्या
काका, तुमच्याकडे येतात ती ट्रॅक्टर आणि जीप, ती ८००० ला फिरत नाहीत ना. हेडमधे ऑइल जास्त झालं की हेड मरत नाही, खाली क्रँक मरतो. तुमच्याकडे बिग एंड (क्रँकवरचं बेअरिंग) गेलेलं इंजिन आलं असेल आणि तुम्ही म्हणाला असाल "मालकाने ऑइल घातलं नाही".

बोरिंगवाले_काका
हे मात्र बरोबर बोललास. दोनदा म्हणालोय तसं.

टूलरूम_चाकण
दोघांच्या मधे पडतो. आकडे बघा. नेहमीच्या १.५ मिमी भोकाचं क्षेत्रफळ १.७७ चौ.मिमी, १.२ चं १.१३, म्हणजे मन्या तू त्याहून ०.३ मिमीच कमी केलंस पण ऑइल एक तृतीयांशाहून जास्त कापलंस. सॉलिड बकेटवाल्या (ज्याचे टॅपेट ऑइलच्या प्रेशरवर चालत नाहीत अशा) आरबी२६ ला एक फीड बंद आणि दुसऱ्यात १.५ हे बरेच लोक वर्षानुवर्षं चालवतात, त्याच्या खाली जायला कारण पाहिजे, आणि "मोठा पंप लावलाय" हे कारण नव्हे. भोकातून जाणारं ऑइल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं, प्रेशर दुप्पट झालं तरी ऑइल १.४ पट, आणि दुप्पट होऊच देत नाही कारण त्याआधी जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो.

मेलबर्नचा_मन्या
ओके हे पटलं. १.५. पण परतीचं काय, ते तर मोठं करायलाच हवं ना, कॅच कॅन (इंजिनच्या गॅसबरोबर बाहेर येणारं ऑइल धरणारा डबा) दर ट्रॅक डेला भरतो.

टूलरूम_चाकण
कॅन भरतो म्हणजे भोक लहान आहे हे कशावरून? दादरच्या जिन्यावर लोकल आल्यावर काय होतं, उतरणारे आणि चढणारे एकाच जिन्यावर. पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटणारा गॅस, म्हणजे ब्लो-बाय, वर यायला त्याच गल्ल्या वापरतो ज्यातून ऑइल खाली यायचंय. जिना रुंद कर, पण आधी गर्दी का आहे ते बघ. लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ती चाचणी) केलंस का? रिंगचा गॅप टर्बोच्या बूस्टसाठी किती ठेवलाय? बूस्ट वाढवून वरून ऑइलला शिव्या देणारे पुष्कळ बघितलेत.

मेलबर्नचा_मन्या
लीकडाउन नाही केलं 🙈 इंजिन तर आता तुकड्यांत पडलंय.

बोरिंगवाले_काका
खोलण्याआधी करायचं असतं ते. असो. भोकं मोठी करताना एक ध्यानात ठेव, ब्लॉकला बाजूलाच पाण्याचा रस्ता असतो, हात जरा घसरला की ऑइलचा चहा. कास्टिंगचा कचरा आणि धारदार कडा काढ, तेवढ्याने बराच फरक पडतो, आणि गॅस्केटचं भोक जुळतंय का बघ, वर खाली रुंद केलंस आणि मधे गॅस्केट तसंच राहिलं तर काय उपयोग.

सिडनी_साइडवेज
मागच्या पाइपबद्दल माझं वेगळं मत. लोक त्याला ड्रेन म्हणतात, माझ्या मते तो जास्त करून ब्रीदरच आहे, खालचा गॅस वर जायला वेगळी वाट मिळते म्हणून मूळ भोकांतून ऑइल निवांत उतरतं. मी लावलाय आणि माझा कॅन रिकामा राहायला लागला, पण श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही कारण त्याच वेळी कॅम कव्हरचे ब्रीदरही मोठे केले आणि चेंबरला दोन्ही बाजूंनी पंख वेल्ड करून जास्त ऑइल बसवलं. जीटीआरला पुढच्या चाकांचं डिफरन्शियल चेंबरलाच लटकलेलं असतं त्यामुळे ते काम म्हणजे वेल्डरची परीक्षा.

टूलरूम_चाकण
तीन गोष्टी एकदम बदलायच्या आणि मग विचारायचं कशाने बरं वाटलं. तरी मुद्दा मान्य. फक्त ड्रॅग रेसमधे (सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत) सुटताना ऑइल मागे जातं, तिथे तो खरोखर ड्रेनही होतो. वळणावर नाही.

आरबी२५_वाला
मधेच विचारतो, माझ्या आरबी२५डीईटी ला पण एक बंद आणि १.५ चालेल का?

टूलरूम_चाकण
नको. तुझे टॅपेट हायड्रॉलिक, त्यांचं पोटच ऑइलवर. त्यांना उपाशी ठेवलंस तर टकटक करून तुला झोपू देणार नाहीत. बघून घे, घाई करू नकोस.

मेलबर्नचा_मन्या
फायनल: एक बंद, एक १.५, भोकांच्या कडा साफ, रिंग गॅप परत मोजणार. पाइप मात्र लावणारच, कोणी काही म्हणा, ट्रॅकवर मीच बसतो.

बोरिंगवाले_काका
लाव बाबा. पण चेंबरला जोडणार कुठे, ऑइलच्या पातळीच्या वर की खाली? खाली जोडलास तर सिडनीवाल्याचा ब्रीदर गेला, वर जोडलास तर तुझा ड्रेन गेला.

मेलबर्नचा_मन्या
...वर. बहुतेक.