मदत हवी आहे: 'ऑरेंज'मधला 'न' नेमका कुठे गळाला?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे, त्यामुळे आंबिया बहार आला की घरात संत्र्यांची टोपली ठरलेलीच. परवा सातवीतल्या लेकीने फोड सोलता सोलता विचारलं, "आई, ऑरेंज हे नाव आधी फळाचं की आधी रंगाचं?" शाळेत एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायची आहे. दोन रात्री बसून बरंच जमवलं, पण एका जागी गाडी अडली.

फळ आधी, हे नक्की. इंग्रजीत ते नाव मध्ययुगात फ्रेंचमधून आलं आणि रंगाला लागू व्हायला सोळावं शतक उजाडलं. तोवर पिवळा नि तांबडा जोडून काम भागवायचे. चॉसर या मध्ययुगीन इंग्रजी कवीच्या कथेत कोंबड्याच्या स्वप्नात येणारा कोल्हा 'पिवळ्या नि तांबड्याच्या मधल्या' रंगाचा आहे! रॉबिन पक्ष्याची छाती तर चक्क नारिंगी, तरी तिला 'रेडब्रेस्ट' म्हणतात. हे वाचून मला इतका आनंद झाला की रात्री अकराला लेकीला उठवून सांगितलं.

अजून मागे गेलं की अरबी 'नारंज', फारसी 'नारंग', संस्कृत 'नारङ्ग' आणि त्याही मागे बहुधा द्राविडी भाषा. केरळात लिंबाला आजही 'चेरुनारंगा' म्हणतात, म्हणजे छोटं नारंग.

आता अडचण. शिकवणीत सांगितलं की इंग्रज लोक आधी 'अ नॉरेंज' म्हणायचे, त्याचं 'अ‍ॅन ऑरेंज' झालं. लेकीने ते वहीत पेनाने लिहूनही टाकलंय. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, सोमवारी वही द्यायची आहे.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. 'न' इंग्रजीत पोचण्याआधीच गेला होता. इटालियनमध्ये 'ऊना नारान्चा' म्हणताना दोन 'न' एकमेकांत मिसळले आणि 'अरान्चा' उरलं. फ्रेंचमध्येही तसंच, शिवाय सोन्याला फ्रेंचमध्ये 'ऑर' म्हणतात, त्याचीही छाया पडली असं मानतात. स्पॅनिशने मात्र 'नारांहा'त 'न' जपला. शिकवणीतला नियम खोटा नाही, शब्द चुकला. 'एप्रन' मूळचा 'नॅप्रन', तिथे इंग्रजीतच 'न' सुटून मागच्या 'अ'ला चिकटला. 'अ‍ॅडर' या सापाचंही तेच.

आणि फ्रान्समधलं ऑरेंज गाव यात मिसळू नका. त्याचं रोमन काळातलं नाव अराउसिओ. डच राजघराण्याने नाव घेतलं ते त्या गावावरून, फळावरून नव्हे.

प्रतिसाद २

मी मस्कतला असते. इथे संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, म्हणजे सरळ पोर्तुगाल! जुनं नारंज ते आंबट, कडवट फळ. गोड जातीचा व्यापार पोर्तुगीजांनी वाढवला, म्हणून तिला त्यांचं नाव. लेकीला हे जरूर सांगा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. लेकीने ते पान फाडू दिलं नाही. 'ऑरेंज'वर एक रेघ मारून शेजारी 'एप्रन' लिहिलं आणि खाली बुर्तुकालसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्यात. आता एकच विचारते: कोकणात, गोव्यात कुणाच्या घरी अजून 'नारिंग' हा शब्द फळासाठी वापरतात का? कुठल्या फळाला म्हणतात, तेही लिहा.