मोटरहोम घेऊन ग्रीसला: बोट व्हेनिसहून, अंकोनाहून की ब्रिंडिसीहून?

जळगावचा आप्पा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलगा-सून म्युनिचला असतात. येत्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे जातोय. मुलाने तीन आठवड्यांसाठी मोटरहोम भाड्याने ठरवली आहे, साडेतीन टनांच्या आतली, लांबी सात मीटरला थोडी कमी. माणसं पाच: मी (वय ६७), सौ., मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. जायचंय ग्रीसला. इटलीपर्यंत रस्त्याने, तिथून गाडीसकट बोटीत चढायचं आणि पलीकडे इगुमेनित्सा बंदरात उतरायचं, इथवर घरात एकमत आहे. घोडं अडलंय ते बंदरावर.

व्हेनिस म्युनिचहून साधारण साडेपाचशे किलोमीटर, पण बोटीत पंचवीस तासांच्या वर. अंकोना पावणेआठशे, बोट सोळा-सतरा तास. ब्रिंडिसी इटलीच्या टाचेवर, तेराशेच्या पुढे, मात्र बोट फक्त आठ-नऊ तास.

माझं मत व्हेनिस. गाडी कमी चालवावी लागते. काही बोटींवर उघड्या डेकवर आपल्याच गाडीत झोपायची सोय असते, तिला ‘कॅम्पिंग ऑन बोर्ड’ म्हणतात, म्हणजे केबिनचे पैसे वाचतात. आणि कठड्याला टेकून व्हेनिसचे घुमट मागे सरकताना बघायचे, हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न. जाणकारांनी मतं द्यावीत. ‘एवढं करण्यापेक्षा विमानाने जा’ असं कृपया कोणी म्हणू नये, ते व्याह्यांनी सांगून झालंय.

अमळनेरकर

आप्पा, माझं मत सरळ विरुद्ध. ब्रिंडिसी.

बोटीचं भाडं गाडीच्या लांबीवर आणि अंतरावर. जितकं जास्त पाण्यात राहाल तितके पैसे पाण्यात. पंचवीस तास बोटीत करणार काय? पहिले दोन तास फोटो, मग कॅन्टीन, मग नातवाचा ‘कधी येईल’चा जप. त्यापेक्षा एड्रियाटिक किनाऱ्याने खाली उतरत जा. रस्त्यात बारी आहे, तिथून आत वळलात तर अल्बेरोबेल्लोची दगडी, टोकदार छपरांची ‘त्रुल्ली’ घरं आहेत आणि थोडं पुढे मातेराची गुहांमधली वस्ती. घर चाकांवर घेतलंय ते बंदरात उभं करायला का? रात्रीची बोट धरायची, सकाळी ग्रीस.

शहाद्याची लेक

मी सात वर्षं स्टुटगार्टला आहे आणि अशाच गाडीने दोनदा दक्षिण इटलीत गेलेय, म्हणून जरा अधिकाराने बोलते.

आप्पा, आधी तुमचं स्वप्न मोडते, राग मानू नका. ग्रीसच्या बोटी २०१४ पासून व्हेनिस शहरातून सुटत नाहीत, फुसीना नावाच्या बंदरातून सुटतात. ते मार्गेराच्या कारखान्यांच्या बाजूला आहे. सान मार्को चौकासमोरून मोठं जहाज जायचं ते दृश्य जुन्या फोटोंतलं. मोठ्या क्रूझ जहाजांनाही १ ऑगस्ट २०२१ पासून तिथे बंदी आहे. तुम्हाला दिसतील टाक्या, क्रेन आणि चिमण्या. दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या आप्पांना चिमण्यांचं काय कौतुक?

आता अमळनेरकर. तेराशे किलोमीटर कागदावर ठीक. मोटरहोम ही कार नव्हे. उंच पेटी आहे, ट्रक शेजारून गेला की हलते, नव्वद-शंभरच्या पुढे चालवण्यात मजा नाही. ब्रेनरचा घाट (१३७० मीटर) उतरून वेरोना, बोलोन्या करत खाली यायचं म्हणजे अंकोनालाच दिवस संपतो. ब्रिंडिसी म्हणजे आणखी साडेपाचशेच्या वर. त्रुल्ली बघायची तर आणखी एक मुक्काम. आप्पा, गाडी चालवणारे किती जण आहेत? सूनबाईंकडे जर्मन लायसन्स आहे का?

जळगावचा आप्पा

दीपनगर नाही, मी एलआयसीत होतो. पण चिमण्या पाहिल्यात. 🙂

लायसन्स फक्त मुलाकडे. सुनेचं भारतीय आहे, आणि तिथे राहायला लागून सहा महिने होऊन गेले की ते चालत नाही म्हणे. मी आंतरराष्ट्रीय परमिट काढायला तयार आहे, पण घरात दोन विरुद्ध एक असा ठराव झालाय.

गॅरेजवाला, धुळे

आप्पा, इथेच सगळा हिशोब संपला. आमच्या लाईनीत पहिले ड्रायव्हर मोजतात, मग किलोमीटर. एकच ड्रायव्हर असला की बोट ही दुसरा ड्रायव्हर. तो झोपतो तेव्हा गाडी चालू राहते. नऊ तासांच्या बोटीत चढायला-उतरायला दोन-तीन तास जातात, तर पोरगा झोपंल किती? आणि त्याच्या आधी दोन दिवस गाडी हाणलेली. सोळा तासांची बोट म्हणजे पूर्ण झोप. अमळनेरकर भो, डिझेल वाचतं का खर्च होतं ते नंतर बघू, पोराचे डोळे आधी बघा.

मी ग्रीस पाहिलं नाही, पण हजिरा-घोघा बोटीत गाडी चढवलीय. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली ती. सुरतेहून भावनगरकडे रस्त्याने ३७० किलोमीटर पडतात, बोटीने ९०, चारेक तास. आपली तापी जिथं समुद्राला मिळते तिथूनच चढायचं. धुळ्याहून नवापूर करून हजिऱ्याला पोचलो तेव्हा क्लिनर म्हणे, ‘शेठ, आपलंच पाणी शे हे.’

तिथं शिकलेलं सांगतो. एक, रॅम्प जिथं मोडतो तिथं लांब गाडीचा मागचा भाग घासतो. चाकामागे मोटरहोमचा पार्श्वभाग लांब असतो, त्याखालीच सांडपाण्याचा नळ. तिरकं न जाता सरळ आणि हळू. दोन, हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. तीन, गाडीची मापं टेप लावून घ्या, भाड्याच्या कागदावर विसंबू नका. मागचा सायकलचा कॅरिअर लांबीत धरतात. मापं चुकली तर फरक बंदरावर भरायचा.

रावेर लाईन

बोटच कसाले? १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया आणि बल्गेरिया रस्त्यानेही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसाच्या युरोपीय गटात, आले. ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, ग्रीस. व्हिसा एकच. सीमा म्हणजे आपल्या नवापूर स्टेशनावरचा बाक, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. पाच देश बघून होतील.

शहाद्याची लेक

बघून नव्हे, ओलांडून होतील. थेसालोनिकीपर्यंत पावणेदोन-दोन हजार किलोमीटर, ड्रायव्हर तोच एक. ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, प्रत्येकाचा रस्त्याचा कर वेगळा. भाड्याची गाडी कुठल्या देशात न्यायला परवानगी आहे तेही करारात वाचावं लागतं. आणि नकाशातला जवळचा रस्ता सर्बियातून जातो, बरेच जण तिथेच फसतात. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. आई-वडिलांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडलात की परत आत येणं संपलं. इटली-ग्रीस बोट मात्र शेंगेनमधल्या शेंगेनमध्येच. पासपोर्ट तरी खिशात ठेवाच, तपासणी कुठेही होते.

पारोळ्याचे गुरुजी

मंडळी सोयीचं बोलतायत, सुरक्षिततेचं कोणी बोलत नाही. याच समुद्रात २८ डिसेंबर २०१४ ला ‘नॉर्मन अटलांटिक’ ही बोट पेटली, इगुमेनित्साहून अंकोनाकडेच जात होती. १८ फेब्रुवारी २०२२ ला इगुमेनित्साहून ब्रिंडिसीला निघालेली ‘युरोफेरी ऑलिम्पिया’ पेटली, ११ जण गेले. त्या वेळी काही ट्रकचालक नियम मोडून गाडीतच झोपले होते, असं बचावलेल्यांनी सांगितलं. आणि आप्पा सात वर्षांच्या नातवाला गाडीत झोपवायचं म्हणतात! माझं मत: बंदर कुठलंही घ्या, केबिन घ्या.

शहाद्याची लेक

गुरुजी, मुद्दा रास्त आहे, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. बंद गॅरेज-डेकवर कोणालाही थांबू देत नाहीत, बोट सुटण्याआधी वर जावंच लागतं. कॅम्पिंगच्या गाड्या उघड्या बाजूच्या वेगळ्या डेकवर लावतात, तिथे माणसं धरूनच नियम आखलेले असतात. ही सोय फक्त उन्हाळी हंगामात, ठरावीक बोटींवर आणि मोजक्या जागांची. तिकीट काढताना ‘कॅम्पिंग’ असंच नोंदवावं लागतं. साधं तिकीट काढून बंदरावर हुज्जत घालणारे मी पाहिलेत.

पारोळ्याचे गुरुजी

उघडा डेक म्हणजे रात्रभर इंजिनाचा आवाज आणि शेजारी शीतगृहाचा ट्रक घरघरतोय. आप्पांचं वय ६७. मी माझ्या मतावर ठाम आहे.

फैजपूरची वहिनी

तुम्हा सगळ्यांचं चालू द्या, मी स्वयंपाकाचं बोलते. आप्पांनी काकूंना सांगितलंय का, की बोटीवर गाडीतला गॅस पेटवायचा नाही? सिलिंडर बंद. कॅम्पिंगच्या डेकवर वीज जोडून देतात, पण त्या एका वायरवर मोठी इंडक्शन शेगडी टिकेलच असं नाही. फ्रिजही गॅसवरून विजेवर करायचा. साध्या बोटीत गाडी खाली बंद, वीजही नाही, म्हणजे बोट पोचेपर्यंत फ्रिज बंद.

म्हणून आदल्या दिवशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेले बिबडे बरोबर ठेवावेत. कळण्याचं पीठ न्या, पण भाकरी ग्रीसच्या जमिनीवर उतरून थापा. आणि काकूंनी घरचं तूप बॅगेत भरलं असेल तर काढा. भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे सगळं आलं. म्युनिचला लोणी मिळतं, तिथेच कढवा.

अमळनेरकर

बरं, बिबड्यांसमोर मी नमतं घेतो. पण एक अट. अंकोना घेणार असाल तर ग्रीसमधल्याच पुढच्या पात्रास बंदरापर्यंतचं तिकीट काढू नका. इगुमेनित्साला उतरा. तिथून एग्नातिया महामार्गाने योआनिना, मेत्सोवो करत मेतेओराच्या कड्यांवरचे मठ एका दिवसात गाठता येतात. पात्रासकडे जायचं तर योआनिनाहून खाली नवा महामार्ग आहे, २०१७ चा, आणि शेवटी खाडीवरचा रिओ-अँतिरिओ पूल. २००४ साली खुला झाला, २,८८० मीटर लांब. तो बोटीतून पाहण्यापेक्षा गाडीने ओलांडावा. येताना मात्र ब्रिंडिसी. त्रुल्ली मी सोडत नाही!

शहाद्याची लेक

येताना ब्रिंडिसी म्हणजे तीन आठवडे फिरून थकलेला मुलगा तेराशे किलोमीटर एकटा हाकणार आणि सोमवारी ऑफिसला. तुमच्या त्रुल्लीसाठी?

अमळनेरकर

शनिवारी बारीला मुक्काम करतील की.

शहाद्याची लेक

मग रविवारी बाराशे राहिले. हिशोब तुम्हीच करा.

जळगावचा आप्पा

सगळ्यांचे आभार. धागा सौ.ला वाचून दाखवला. चिमण्यांपाशी ती हसली आणि व्हेनिस तिथेच गेलं. तूप बॅगेतून काढलं, पण तिचा चेहरा बघवत नाही.

मुलाने ठरवलंय: जाता-येता दोन्ही वेळा अंकोना, उतरायचं इगुमेनित्साला. जाताना कॅम्पिंग. येताना, गुरुजींच्या मताला मान देऊन, केबिन. अमळनेरकर, त्रुल्ली पुढच्या खेपेला. ब्रिंडिसी चुकीचं नाही, आमच्याकडे दुसरा ड्रायव्हर नाही इतकंच.

आता नवीन लफडं. काल रात्री तिकीट काढायला बसलो तर त्यांनी लांबी विचारली. धुळेकरांचं ऐकून मुलाने गाडीच्या मालकाला टेप लावायला सांगितलं. कागदावर ६.९९ मीटर, मागच्या सायकल कॅरिअरसकट ७.४०. म्हणजे भाड्याचा पुढचा टप्पा लागतोय. मी म्हणतो कॅरिअर काढून ठेवा. नातू सायकलीशिवाय यायला तयार नाही. कॅरिअर घडी करून उभा केला तर लांबी किती धरतात, कोणाला अनुभव?

गॅरेजवाला, धुळे

घडी केल्यावर परत टेप लावा आणि जे निघंल तेच लिहा. नातवाची सायकल लहान असंल तर आतल्या न्हाणीत बसती.