प्रति: पेंटियम थ्रीवर विंडोज ९८, रॅम किती?

वर विचारलंय, पेंटियम थ्री प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ९८ साठी ७६८ एमबी रॅम लावू का? भावा, नको. ५१२ एमबीच्या वर गेलं की डिस्क कॅश (डिस्कवरचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणारी सोय) मेमरीचे पत्तेच (अॅड्रेस) खाऊन बसते आणि एवढी रॅम असूनही मशीन 'मेमरी अपुरी' म्हणून रडतं. हौसच असेल तर सिस्टिम.आयएनआय या विंडोजच्या सेटिंग फाइलमध्ये व्हीकॅश विभागाखाली मॅक्सफाइलकॅशला, म्हणजे त्या कॅशच्या आकाराला, मर्यादा घाला. मी म्हणेन २५६ एमबी, विषय संपला.

पैसे घालायचे तर डिस्कवर घाला. जुन्या आयडीई (त्या काळच्या रुंद केबलने जोडायच्या) डिस्क आता खडखडायला लागल्यात. त्याऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड) आणि ते आयडीईला जोडणारा अडॅप्टर लावा. कार्ड १६ जीबीचं घ्या. काही जुने बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ३२ जीबीच्या पुढची डिस्क दिसली की सुरू होतानाच अडकतात. कार्डाचा आवाज होत नाही, हे मात्र काहींना आवडत नाही! डॉसमधले (विंडोजआधीच्या सिस्टिमवरचे) गेम खेळायचे असतील तर आयएसए (कार्ड खोचायचा जुना प्रकार) स्लॉटवाला मदरबोर्ड शोधा, साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड तिथंच खुलतं.

बोर्डासाठी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांपेक्षा उद्यमनगरच्या भंगारात हात घाला. घेण्याआधी प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर (छोटे नळकांड्यासारखे भाग) फुगलेत का बघा. आपल्या पावसाळ्यात रॅमच्या पट्ट्यांचे संपर्कही काळे पडतात, खोडरबर फिरवला की बहुतेक वेळा काम होतं.