ब्रेकच्या बोल्टचे आटे गेले : हेलिकॉइल बसवायचं की नकलच बदलायचा?

रिंगपाना
घरी गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड आणि डिस्क बदलताना कॅलिपर ब्रॅकेटच्या (पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर बसतो तो भाग) बोल्टचे आटे गेले की सल्ला ठरलेला असतो : "ब्रेकचं काम आहे, नकल बदला." मला हे पटत नाही. नकल (चाकाचं बेअरिंग आणि हे ब्रॅकेट ज्यावर बसतात तो भाग) बिडाचा आहे, भोकाजवळ तडा नाही आणि भोवती धातू पुरेसा आहे, तर नीट बसवलेलं हेलिकॉइल (मोठ्या केलेल्या भोकात नवे आटे देणारी तारेची कॉइल) मूळ आट्यांइतकंच काम देतं.

ब्रॅकेट बोल्टवर लटकलेलं नसतं. बोल्ट ताणला जातो, त्या ताणाने ब्रॅकेट नकलवर दाबून बसतं आणि ब्रेकचा जोर त्या दोन तोंडांमधलं घर्षण पेलतं. एम१२ (१२ मिमी व्यासाचा) बोल्ट १०० न्यूटन-मीटर टॉर्कला आवळला की हा दाब साधारण ४ टन येतो. आट्यांनी एवढा ताण धरला की काम झालं. हेलिकॉइलसाठी पाडलेले आटे मूळ आट्यांपेक्षा मोठ्या व्यासाचे असतात, त्यामुळे बिडातली पकड वाढतेच.

एम१२ × १.२५ ला (१.२५ म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं मिमीतलं अंतर) १२.३ मिमीचं ड्रिल आणि हेलिकॉइल कीटमधलाच टॅप (आटे पाडायचं हत्यार) घ्या, साधा एम१२ टॅप इथे चालत नाही. कॉइल व्यासाच्या दीडपट, म्हणजे १८ मिमी लांब. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बिडाचा भुगा हवेने उडवू नका, पुसून काढा. कॉइल तोंडापासून अर्धा ते एक आटा आत बसली पाहिजे. शेवटी तळाची शेपटी पंचने तोडून बाहेर काढा, आणि बोल्ट नवा घ्या.

टर्नरचा_डोळा
तुमचं गणित बरोबर आहे, पण ते लेथवर किंवा मिलिंगवर केलेल्या भोकाचं. घरी जॅकस्टँडवरच्या गाडीखाली, हातातल्या ड्रिलने भोक काटकोनात राहत नाही. १ अंश तिरकं गेलं तर २० मिमी रुंद डोक्याच्या एका कडेला सुमारे ०.३५ मिमी फट राहते. बोल्ट आवळताना वाकतो, डोकं एकाच बाजूला टेकतं. टॉर्क पाना ठरवलेल्या जोरावर "टक" करतो, पण आकडा खोटा. पुढे ती कड दबते, ताण उतरतो आणि बोल्ट सैल होतो. दोन बोल्टांपैकी एक असा असेल तर पूर्ण कॅलिपर दुसऱ्यावर. नकल बदला, नाहीतर काढून टर्नरकडे न्या. गाडीवर ठेवून नको.

कोकणपट्टी
दोघेही थांबा. आधी आटे कुणाचे गेलेत ते बघा. बऱ्याच गाड्यांत बोल्ट आतल्या बाजूने येतो, नकलच्या कानातून मोकळा जातो आणि आटे असतात ब्रॅकेटमध्ये. तिथे वादच नाही, ब्रॅकेट बदला. स्लाइड पिनचा (ज्यावर कॅलिपर सरकतो) बोल्ट असेल तर आटे बहुधा पिनमध्ये असतात. पिन आणि बोल्ट नवे घ्या, रबर बूट बघा, सिलिकॉन ब्रेक ग्रीस लावा.

आटे नकलमध्येच असले तरी सगळे क्वचितच जातात. इम्पॅक्ट गनने बोल्ट तिरका घुसवला की तोंडाचे दोन-तीन आटे चिरडतात, आतले शाबूत. भोक आरपार असेल तर एम१२ × १.२५ चा साधा टॅप मागच्या, चांगल्या बाजूने घाला. तो शाबूत आट्यांच्या वाटेने येतो आणि पुढचे सरळ करतो. तोंडाकडून टॅप सुरू केला तर तो बिघडलेलीच वाट धरतो. चांगली पकड १५ मिमीच्या वर उरली तर बिडात मला पुरते.

आणखी एक कारण : १.५ पिचचा बोल्ट १.२५ च्या भोकात. एक-दीड फेरा गोडीत जातो, मग अडतो आणि लोक लांब पाना लावून जोर करतात. समुद्राकाठच्या गाड्यांत गंजलेला बोल्ट काढतानाच आटे सोबत येतात, तिथे आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारणं हाच इलाज.

रिंगपाना
टर्नरसाहेब, काटकोनाचा मुद्दा खरा. म्हणून ब्रॅकेट वरच्या चांगल्या बोल्टने बसवा आणि त्याच्याच मोकळ्या भोकातून ड्रिल घाला.

टर्नरचा_डोळा
ड्रिल जाईल, टॅप नाही. हेलिकॉइलच्या टॅपचा बाहेरचा व्यास १३.६ मिमीच्या आसपास आहे, ब्रॅकेटचं भोक त्याहून लहान. म्हणजे सरळपणा ठरवणारं दुसरं काम पुन्हा हातावरच. शिवाय ब्रॅकेटच्या भोकातही ढील असते.

डेट्रॉइटकर
इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हा प्रश्न दर हिवाळ्यानंतरचा. "नकल बदला" म्हणणाऱ्यांनी सोबतचं कामही सांगावं. प्रेसने बसवलेलं हब बेअरिंग काढताना बहुतेक मरतं, म्हणजे नवं बेअरिंग आणि प्रेस. नकलला जोडलेले सस्पेन्शन-स्टिअरिंगचे सांधे (बॉल जॉइंट, टाय रॉड) सुटणार, स्ट्रटचे बोल्ट हलले की चाकांचं अलाइनमेंट. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून, जुना नकल आणला, तर ती गाडी आधी ठोकलेली नव्हती हे कशावरून? वाकलेला नकल डोळ्यांना दिसत नाही. मला सरळ बसवलेलं हेलिकॉइल त्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. टॅप सरळ ठेवायला गाइड ब्लॉक मिळतो, सपाट तोंडावर टेकवायचा.

मात्र एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असेल तर भोक पाडण्याआधी बेअरिंगची बाजू कापडाने पक्की झाका. बऱ्याच बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं. बिडाचा भुगा त्याला चिकटला की चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरला चुकीचे इशारे जातात आणि दोष शोधणारा भलतीकडे शोधत बसतो.

कोकणपट्टी
हे मान्य. पण "बोल्ट मोठा घालू, एम१४ चे आटे पाडू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागतं, म्हणजे दोन भाग वाया. वेल्डिंग तर नकोच, बीड तडकतं आणि शेजारी बेअरिंग भाजतं. एपॉक्सीने भरून आटे पाडणारेही आहेत. तापणाऱ्या जागी ४ टनांचा ताण एपॉक्सी धरणार नाही.

टर्नरचा_डोळा
एका जागी मी कुणाचंच ऐकणार नाही : ब्रेक ऑइलचा होज (नळी) ज्या बँजो बोल्टने कॅलिपरला लागतो तिथले आटे. तिथे आट्यांवर ताण आहेच, शिवाय जोरात ब्रेक दाबला की आत दहा मेगापास्कलपर्यंत दाब चढतो, आणि सील करायला फक्त दोन तांब्याचे वायसर. भोक जरा तिरकं झालं की गळती. तो कॅलिपर टाकून द्या, नवा बसवा, वायसर नवे, ब्रेक ऑइलमधली हवा काढा.

रिंगपाना
बँजोचं शंभर टक्के मान्य. नकलच्या बाबतीत माझं मत तेच आहे, फक्त डेट्रॉइटकरांचा गाइड ब्लॉक सक्तीचा धरा. आणि बोल्टला ग्रीस लावून पूर्ण टॉर्क देऊ नका. मॅन्युअलचा आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीसने घर्षण कमी होतं, तेवढ्याच टॉर्कला ताण बराच वाढतो आणि नव्याने दुरुस्त केलेले आटे तिथेच उपटतात. आवळल्यावर डोक्यावर आणि नकलवर पेनने एक रेघ मारा, ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक काढून रेघ जुळते का बघा.

टर्नरचा_डोळा
आणि नकल अॅल्युमिनियमचा निघाला तर? दीडपट लांबी तिथे मला कमी वाटते, व्यासाच्या दुप्पट हवी, आणि अनेक नकलांत तेवढी खोलीच नसते. त्या गाड्यांसाठी बाहेरून कॉलर असलेलं भरीव इन्सर्ट किंवा नवा नकल, एवढंच मी सुचवीन.