श्रीहरिकोटा आतून बघायला मिळायला हवं का?

धागाकर्ता:
कॉलेजच्या गटाबरोबर परवानगी काढून श्रीहरिकोटाचं सतीश धवन अंतराळ केंद्र, म्हणजे इस्रोचा रॉकेट प्रक्षेपण तळ, आतून बघून आलो. मोबाईल गेटवरच जमा. दुसऱ्या प्रक्षेपण तळावर रॉकेट आधी उंच इमारतीत उभं जोडतात, मग फिरत्या चौथऱ्यासकट रुळांवरून सुमारे किलोमीटरभर नेतात. त्या रुळांशेजारी उभं राहिल्यावर कामाचा आवाका कळतो. तळाखाली ज्वाळा वळवणारा खड्डा आहे. त्याच्या काँक्रीटला हात लावला तर बोटांना पांढरी पूड लागली. घन इंधनातल्या अ‍ॅल्युमिनियमची ती राख, असं सोबतच्या अभियंत्यांनी सांगितलं.

२०१९ पासून तिथल्या प्रेक्षक गॅलरीतून सामान्यांना उड्डाण बघता येतं, ते उत्तमच. पण उड्डाण काही मिनिटांचं, त्यामागची मेहनत महिनोन् महिन्यांची. ती सामान्य माणसालाही दिसायला हवी. दोन मोहिमांच्या मधे ठरलेल्या दिवशी बसने फिरवा, एवढंच म्हणणं आहे.

रानवारा:
पूर्ण विरोध. २३ फेब्रुवारी २००४ ला याच केंद्रात घन इंधनाच्या स्फोटात सहा जण गेले, आणि ते सगळे तिथे काम करणारे होते. एलव्हीएम३ या इस्रोच्या अवजड रॉकेटच्या एका एस२०० बूस्टरमध्ये (बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या मोटरमध्ये) दोनशे टनांच्या वर इंधन असतं, ते इथेच ओततात. जळायला ऑक्सिजन पुरवणारा ऑक्सिडायझर त्यातच मिसळलेला, त्यामुळे एकदा पेटलं की विझवता येत नाही. अशा आवारात सहली कशाला?

टेकडीवरचा:
रानवारा, सहमत. अमेरिकेतल्या केनेडी स्पेस सेंटरचं उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. तिथली रॉकेट जोडणीची इमारत २०११ मध्ये लोकांना आतून दाखवायला लागले आणि २०१४ मध्ये थांबवलं, कारण नव्या रॉकेटसाठी ती कामाला लागणार होती.

धागाकर्ता:
पण २०११ मध्ये उघडली ती का? नासाचं स्पेस शटल यान निवृत्त झालं, बूस्टर आत उरले नाहीत म्हणूनच ना! धोका नसताना दाखवता येतं, हेच त्यातून दिसतं. आतून दाखवणं बंद झाल्यावरही तिथल्या बस आवारात फिरतच राहिल्या. इंधनाच्या कारखान्यात न्या असं मी म्हणतच नाही.

टेकडीवरचा:
तिथे दोन कार्यक्रमांमध्ये वर्षांची पोकळी होती. आपल्याकडे एक रॉकेट गेलं की पुढच्याची तयारी सुरू. त्यात जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्या तळाला मंजुरी मिळाली आहे, सुमारे ३,९८५ कोटींचं काम. वेळापत्रकात ‘रिकामा दिवस’ कुठून आणणार?

इंदापूरकर:
माझे वडील वालचंदनगरच्या कारखान्यात होते. रॉकेटच्या मोटरचं आवरण त्यांच्या शॉपमध्ये तयार व्हायचं. वेल्डिंगचा एक्स-रे पास झाला की त्या दिवशी घरी जेवताना त्याच गप्पा. ते आवरण पुढे कुठे उभं राहतं, हे त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलं. विक्रोळीत रॉकेटची ‘विकास’ इंजिनं (द्रव इंधनावरची) करणाऱ्यांचंही असंच असेल. सर्वांना नको तर नको, निदान या कारागिरांना घरच्यांसकट एकदा तो तळ दाखवा.

रानवारा:
इंदापूरकर, हे मात्र पटलं. या लोकांची नावं आधीच कारखान्यांच्या नोंदीत असतात, पडताळणी सोपी, गटही लहान राहील. त्यांच्यासाठी दार उघडावं. खुल्या तिकिटाला माझा विरोध आहे तसाच आहे.

धागाकर्ता:
सुरुवात त्यांच्यापासून होणार असेल तर माझी काहीच हरकत नाही. पण शाळेतल्या मुलांचा नंबर त्यांच्या मागोमाग लागायला हवा, यावर मी अडून राहणार.