लांब पल्ल्याचं पळून घर चालतं का? भावासाठी विचारतोय

करवीरकर_भाऊ:
नमस्कार मंडळी, विषय घरचा आहे, जरा लांबलाय पण पूर्ण वाचा आणि खरं काय ते सांगा. माझा धाकटा भाऊ २१ चा, बीए झालाय, चार वर्षं झाली पळतोय. ५००० मीटर १५ मिनिट ८ सेकंद, हाफ मॅरेथॉन ६९ मिनिटात मारतो. पहाटे साडेचारला उठून ग्राऊंडला, संध्याकाळी परत ग्राऊंडला, मधल्या वेळात झोप नाहीतर वैरण. घरात दोन म्हशी आहेत, डेरीला दूध घालायच्या आधी आई एक लिटर त्याच्या नावानं बाजूला काढून ठेवते, ह्यात कधी खंड नाही.

आता गेल्या आठवड्यात त्यानं सांगितलं की मी पोलीस भरतीचा फॉर्म भरणार नाही, मला प्रोफेशनल रनर व्हायचंय, पूर्ण वेळ हेच करणार. वडील त्या रात्री ताटावरनं उठून गेले. मी मधी अडकलोय, मला त्याचं पळणं आवडतं आणि वडिलांचंही खोटं वाटत नाही.

म्हणून मी त्याची डायरी घेऊन बसलो. तो टायमिंग लिहितो त्याच वहीत मागच्या पानावर पैसे पण लिहितो. मागच्या सीझनला १४ रेस पळाला, पाच ठिकाणी पहिल्या तिनात आला, बक्षिसाचे सगळे मिळून ६१ हजार. त्यातनं एसटी, रेल्वे, मुक्काम, एन्ट्री फी, दोन जोड शूज, एकदा पोटरी धरली तेव्हा फिजिओ, हे सगळं वजा करून वर्षाचे हातात राहिले ९ हजार. वर्षाचे! आणि ह्यात घरचं दूध, अंडी, केळी धरलीच नाहीत.

तर विचारायचं हे की एवढं कष्ट करून ह्या धंद्यात एवढंच मिळतं का? पुढं टायमिंग सुधारलं की वाढतं का? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी बोला.

जुना_पंधराशेवाला:
भावा, मी १५०० आणि ५००० पळायचो, आता रेल्वेत आहे, स्पोर्ट्स कोट्यातनंच लागलो. सरळ सांगतो, बक्षीस म्हणजे पगार नव्हे. बक्षिसावर घर चालवणारा लांब पल्ल्याचा धावक आपल्याकडं मी तरी बघितला नाही. आपल्याकडं पळून जे मिळतं ते म्हणजे नोकरी, आणि त्या नोकरीच्या पगारावर पुढचं पळणं.

अविनाश साबळेच बघ. बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शाळेला सहा किलोमीटर चालत पळत जायचा. आधी फौजेत भरती झाला, सियाचीनला राहून आला आणि मग २०१५ ला पळायला लागला. पोस्टिंग आधी, पळणं नंतर! स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर, ८:०९.९१ चं नॅशनल रेकॉर्ड त्यानं २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत लावलं, तोपर्यंत दर महिन्याला पगार खात्यात पडत होता, राहायला खायला होतं, कोच होता. ललिता बाबर माणदेशातली, रिओला २०१६ ला फायनल पळाली, तिलाही आधार रेल्वेच्या नोकरीचा, नंतर महसूल खात्यात अधिकारी झाली. आपला राधानगरीचा स्वप्नील कुसाळे नेमबाज आहे, धावक नाही, पण तोही रेल्वेतच होता की मेडल आणलं तेव्हा.

तू ९ हजार राहिले म्हणतोस ते पण नशीब समज, कारण पैसे मिळाले तरी. माझ्या कपाटामागं अजून एक फ्लेक्सचा चेक आहे, पाच फूट लांबीचा, त्यावर पंचवीस हजार लिहिलंय. स्टेजवर पाहुण्यांच्या हातनं घेतला, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरात आला. पैसे? आयोजकाला सात महिने फोन केले, कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी अकाउंटवाला रजेवर, शेवटी बारा हजार दिले आणि बाकीचे पुढच्या वर्षी पळायला ये मग बघू म्हणाले. त्याच फ्लेक्सच्या मागच्या बाजूला आई पावसाळ्यात शेणी झाकायची. तेव्हा वाईट वाटायचं, अजून वाटतं.

पोलीस भरतीचं म्हणशील तर मैदानीला १६०० मीटर आहे, तुझ्या भावाला ते वॉर्मअप आहे, गोळाफेक आणि १०० मीटरवर जरा काम करायला सांग, लेखीला बसव. शिवाय राज्यात सरकारी नोकरीला खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरलेल्या स्पर्धांतली कामगिरी लागते आणि सर्टिफिकेट तपासून घ्यावं लागतं, रोड रेसचे मेडल तिथं चालत नाहीत. हे त्याला आत्ताच समजावून सांग, आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही आणि दोन सीझन नुसते रस्त्यावरच्या रेस मारत गेले.

डॉलर_रुपया:
वरच्या दादांचं बरोबर आहे, मी फक्त बाहेरचे आकडे टाकतो म्हणजे चित्र कळेल. बोस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्याला दीड लाख डॉलर, दुसऱ्याला त्याच्या निम्मे. ऐकायला डोळे फिरतात. पण चांगला मॅरेथॉनवाला वर्षाला दोन, फार तर तीन मॅरेथॉन पळतो, शरीर त्याच्या पुढं ऐकत नाही. एक दिवस पोट बिघडलं की सहा महिन्याची कमाई गेली. त्यात अमेरिकेत बाहेरच्या धावकाचा ३० टक्के टॅक्स आधीच कापून घेतात, मॅनेजरचे साधारण १५ टक्के, आणि पैसे डोपिंगचा रिपोर्ट क्लीन आल्यावरच सुटतात म्हणजे काही महिने वाट.

वर्ल्ड चॅम्पियनशिपला सोनं ७० हजार डॉलर, आठव्याला ५ हजार, नवव्याला काहीच नाही. जगातला नववा माणूस हो! ऑलिंपिकचं तर वर्ल्ड ॲथलेटिक्सनं, म्हणजे ह्या खेळाच्या जागतिक संघटनेनं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पहिल्यांदा पैसे दिले, तेही फक्त सोन्याला, ५० हजार डॉलर. अविनाश तिथं फायनलला अकरावा आला, म्हणजे बक्षिसाच्या हिशोबात शून्य. आता सांगा, फायनल गाठायला जे लागतं ते शून्य आहे का.

आपल्या मुंबई मॅरेथॉनचं बघा, २०२४ ला एकूण पहिल्याला ५० हजार डॉलर म्हणजे ४१ लाखाच्या वर आणि भारतीयातल्या पहिल्याला ५ लाख. ५ लाख कमी नाहीत, पण ते एकाच माणसाला, वर्षातनं एका रविवारी. खरी कमाई असते बूट कंपनीच्या करारात आणि रेसला येण्यासाठी जे मानधन देतात त्यात, आणि ते मोजक्या नावांना मिळतं. केनियात इतके तगडे धावक आहेत की कित्येकांना एकपण करार मिळत नाही.

पायताण_सोडून_पळते:
मी कागलकडची, १०००० मीटर आणि क्रॉसकंट्री पळायचे, लग्नानंतरही चार वर्षं पळाले. मला एक गोष्ट बोलायचीच आहे. आपल्या कोल्हापुरात पैलवान तयार होतो तो एकटा होत नाही. तालमीत वस्ताद असतो, गावात कुणीतरी खुराकाचं बघतं, कुणी तूप देतं कुणी बदाम, जत्रेला कुस्ती लागली तर इनाम आधी जाहीर होतं आणि मैदानातच हातात पडतं. शाहू महाराजांपासनं ही रीत आहे, म्हणून तर खासबाग मैदान उभं राहिलं. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार उभे केले, ही गोष्ट आपण सगळे अभिमानानं सांगतो. आणि धावकाला? तो पहाटे अंधारात निघतो, सात वाजता परत येतो, गावाला दिसतच नाही. कुत्री तेवढी ओळखतात.

माझं वीस किलोमीटर झालं की घरात येऊन आधी चूल, मग अंघोळ, झोप नाहीच. तुझ्या भावाला मधल्या वेळात झोप मिळते हे फार मोठं आहे, ती झोप तुम्ही घरचे त्याला देताय. म्हणून हिशोब करताना आईचं ते एक लिटर दूध पण धर. वर्षाचं ३६५ लिटर होतं, आजच्या दरानं लाव. त्याचा पहिला स्पॉन्सर तुमची आईच आहे, हे त्याला एकदा आकड्यात दाखव, रागावून नाही, नुसतं वहीत लिहून.

पन्हाळा_लाँगरन:
मी हौशी, चाळिशीनंतर पळायला लागलो, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही मॅरेथॉनपेक्षा लांबची रेस करून आलो. आमच्या ग्रुपमध्ये कार्बन प्लेटचे वीस-पंचवीस हजाराचे शूज घेणारे पुष्कळ आहेत आणि तीनशे किलोमीटरला बदलून टाकतात. ते आम्ही पोरांना देतो, साइज जुळली तर. भावाच्या बुटाचा नंबर कळवा. पण मला स्वतःला असं बघताना बरं वाटत नाही की ज्या रेसला आम्ही हजारांनी फी भरून मेडल घालून फोटो काढतो त्याच रेसला पहिला आलेला पोरगा आमचे जुने शूज घालून पळालेला असतो. फीमधलं टी-शर्ट नको, ते पैसे पहिल्या दहात वाटा, असं आम्ही दोन आयोजकांना लिहून दिलंय. एकानं पहिल्या तिनाच्या जागी पहिल्या सहाला केलं.

जुना_पंधराशेवाला:
@करवीरकर_भाऊ अजून एक राहिलं. १५:०८ चांगलं आहे पण फौजेचं किंवा रेल्वेचं लक्ष जायला चौदाच्या घरात यावं लागतं. गुलवीर सिंगनं २०२५ ला ५००० मीटर १२:५९.७७ ला नेलंय, तोही फौजेचाच. २१ व्या वर्षी अजून चाळीस-पन्नास सेकंद निघू शकतात, पण १४ रेस मारून नाही निघत. दर रविवारी दहा-पंधरा हजाराच्या बक्षिसामागं गेला तर इंटरव्हल, म्हणजे ठरावीक अंतर जोरात, मधी हळू असा सराव, कधी करणार, पायांना विश्रांती कधी मिळणार? ही पैशाची अडचणच पोरांना जाळते, गरज आहे म्हणून जास्त रेस, जास्त रेस म्हणून टायमिंग हलत नाही. सीझनला सहा रेस आणि बाकी ट्रॅक. भरतीचा फॉर्म भरायचाच. नोकरी लागली म्हणजे पळणं सुटलं असं नाही, उलट खात्याच्या स्पर्धा असतात, ग्राऊंडला सोडतात. सगळीकडं सोडतात असं म्हणणार नाही, साहेबावर पण असतं.

करवीरकर_भाऊ:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री भावाला बसवून सगळं वाचून दाखवलं. दुधाचा हिशोब त्यानं स्वतःच मांडला, वहीच्या मागच्या पानावर, साठ रुपयानं धरून एकवीस हजार नऊशे. मग बराच वेळ काही बोलला नाही. फ्लेक्सच्या चेकचं वाचलं तेव्हा म्हणाला माझा पण एक आहे, सहा हजाराचा, मला माहीतच नव्हतं.

फॉर्म भरायचा म्हणतोय, पण एका अटीवर, दोन वर्षं ट्रॅकचं पूर्ण करू द्या, तोपर्यंत लग्नाचं आणि शेताचं कुणी काढायचं नाही. वडिलांना आज दुपारी सांगितलं, हो नाही काही म्हणाले नाहीत, संध्याकाळी त्याच्या सायकलची हवा बघत होते.

@पन्हाळा_लाँगरन नंबर आठ आहे, पाय जरा रुंद आहे. @जुना_पंधराशेवाला दादा, रविवारी त्याला घेऊन येतो तुमच्याकडं, सहाला चालेल का आणि कुठल्या ग्राऊंडला यायचं ते सांगा.