इंग्रजी उच्चार सुधारायचे तर सुरुवात ध्वनींपासून की आघातापासून?

प्रश्न
पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग, ४० मुलं, आठवड्याला २ तास. वाचतात-लिहितात बरं, पण बोलली की ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं. व्ह-व (v-w), झ-ज (z-j) असे ध्वनी एकेक करून घोटून घ्यावेत का?

उत्तर १
आधी आघात, म्हणजे शब्दातल्या एका सिलेबलवर (एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर) दिलेला जोर, घ्या, सर. मराठीत प्रत्येक सिलेबलला जवळपास सारखंच वजन देतो. तीच लय इंग्रजीत उतरली की ध्वनी बरोबर असूनही शब्द ओळखू येत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या सिलेबलवर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की बाकीचे स्वर आक्रसतात, म्हणून 'फोटोग्राफी' ऐकू येतं 'फटॉग्रफी'सारखं. मुलं सगळेच स्वर पूर्ण म्हणतात, घोटाळा तिथेच होतो.

एक नियम लगेच उपयोगी पडेल: शेवटी '-शन' किंवा '-इक' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या सिलेबलवर (एज्युकेशन, इकॉनॉमिक). 'पॉलिटिक्स'सारखे अपवाद आहेत, पण थोडे.

टाळ्या वाजवून घेऊ नका. टाळीवर मुलं नुसती मोठ्याने बोलतात, आणि आघातात लांबी व सूरही वाढतो. दोन अंगठ्यांत रबरबँड धरून जोराच्या सिलेबलला ताणायला सांगा.

उत्तर २
आघाताबद्दल सहमत. ध्वनींत मात्र मी झ आधी घेईन. 'जवळ'मधला ज आणि 'जीवन'मधला ज वेगळे. पहिला झच्या बराच जवळ आहे. पण पुढे इ-ई आली की जीभ सवयीने टाळूकडे जाते आणि 'ईझी'चं 'ईजी' होतं. उपाय असा: 'स्‌ऽऽऽ' लांबवायचा, जीभ न हलवता त्यातच आवाज मिसळायचा. गळ्यावर बोटं ठेवली की कंप लागतो. ३ सेकंद ताणता आला तर झ जमला. मधेच तुटला तर जीभ वर चिकटते आहे. मग 'ई-झ्झ्झ-ई' म्हणत हळूहळू आखूड करा.

व्ह-वला आरसा पुरतो: व्हला वरचे दात खालच्या ओठावर, वला ओठ गोल आणि दात दूर.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. घरी सरावाला काय देऊ? आणि ४० जणांना एकेक करून तपासणं होत नाही.

उत्तर १
शब्दकोशातल्या आयपीए (उच्चार दाखवणारी आंतरराष्ट्रीय चिन्हं) लेखनात वरची छोटी उभी रेघ जोराच्या सिलेबलच्या आधी असते. बरेच जण ती नंतरची समजतात, हे फळ्यावर दाखवा. घरी ३० सेकंदांचा उतारा: ऐकायचा, फोनवर स्वतःचा रेकॉर्ड करायचा, मग दोन्ही लागोपाठ ऐकून फक्त जोराच्या जागा तपासायच्या. एका वेळी एकच गोष्ट.

वर्गात जोड्या करा. एकाने 'व्हेस्ट' किंवा 'वेस्ट' म्हणायचं, दुसऱ्याने न बघता लिहायचं. चुकलं तर तेच दोन शब्द तुम्ही म्हणून त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्या. तेव्हाही चुकला तर अडचण कानाची आहे. त्या मुलाला आठवडाभर नुसतं ऐकून ओळखायला द्या, बोलायला नंतर.